मांजरीसाठी भोक पाडण्यास परवानगी मिळणेबाबत

भोक नऊ इंच रुंद आणि आठ इंच उंच असावं यावर घरात एकमत झालं, आणि खरं म्हणजे तिथेच थांबायला हवं होतं. छिन्नी घ्यायची, हातोडा घ्यायचा, मागच्या पडवीच्या भिंतीला खालच्या अंगाला भोक पाडायचं, ते मांजरीला दाखवायचं आणि हात धुवायचे. जगातली बहुतेक माणसं भोकं अशीच पाडतात. पण हे भोक त्रुटीसाहेबांच्या घरात पडणार होतं.

त्रुटीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नकोच. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत एकही अर्ज त्यांच्या टेबलावरून पहिल्या फटक्यात पुढे सरकला नाही. अर्ज आला की ते चष्मा पुसत, कागद उजेडाकडे धरत, आणि मग एका पिवळ्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहीत, 'खालील त्रुटींच्या पूर्ततेसाठी परत.' गावात त्यांना हे नाव कुणीतरी ठेवलं आणि ते चिकटलं. आधी त्यांना राग आला, मग सवय झाली, आणि निवृत्त झाल्यावर तर कुणी त्या नावाने कुजबुजलं नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आपण एकही अर्ज कधी नामंजूर केला नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. नामंजूर करणं म्हणजे माणसाचा अपमान. ते फक्त परत पाठवत.

निवृत्त झाल्यावर माणसाला आपल्या घरात दिवसभर काय चालतं ते पहिल्यांदाच कळतं. त्रुटीसाहेबांना कळलं ते असं, की बायको दुपारी दोन ते चार पडवीत बसते, आणि त्या दोन तासांत तिला मांजरीसाठी सात वेळा उठावं लागतं. मांजर आपणहून आलेली होती. तिला नाव नव्हतं, कारण बायकोने सुचवलेल्या प्रत्येक नावावर साहेबांची काही ना काही हरकत होती. ती आत असली की तिला बाहेर जायचं असे, बाहेर असली की आत यायचं असे, आणि दार उघडलं की ती उंबऱ्यात बसून विचार करत असे. पडवीला डासांची जाळी, दाराला उंच कडी. बायकोचे गुडघे दुखणारे. तरी ती उठायची, कडी काढायची, मांजरीचा विचार पुरा होईपर्यंत दार धरून उभी राहायची, आणि परत येऊन शब्दकोड्यात डोकं घालायची.

ही पडवी म्हणजे बायकोचा जीव की प्राण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने अठ्ठावीस वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती. घरी आल्यावर तिला एकच गोष्ट हवी असे, ती म्हणजे कुणीही काहीही बोलू नये. पडवीत दुपारी ऊन यायचं, एक खुर्ची होती, एक पेन्सिल होती, आणि तिथे कुणी बोलत नसे. त्रुटीसाहेबांनी आठवडाभर तिच्या उठण्या-बसण्याची नोंद ठेवली, सरासरी काढली, आणि सरासरी पाहून त्यांना खरोखर वाईट वाटलं. आपल्या बायकोसाठी आपण काहीतरी करायचं, असं त्यांनी त्या दिवशी मनाशी पक्कं ठरवलं. पुढे जे काही घडलं त्याच्या मुळाशी निव्वळ प्रेम होतं, हे वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं.

माप घ्यायला शेजारचे शिंपीकाका आले. म्हणजे त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कुंपणापलीकडून 'भोक' हा शब्द ऐकू आल्यावर त्यांना घरात बसवेना. गळ्यातली टेप काढून त्यांनी मांजरीला दोन्ही बाजूंनी मोजलं.

"छाती चौदा," शिंपीकाका म्हणाले. "पोट सोळा. पण साहेब, अगदी मापात नका करू. हे वय वाढीचं आहे. दोन इंच सैल ठेवा, पुढे उसवायला भिंतीत कापड कुठून आणणार?"

समोरच्या नर्सबाई कामावर जाता जाता थांबल्या. त्यांचं मत असं, की भोक पाडण्यापेक्षा मांजरीला दुपारी झोपायची सवय लावावी. "आमच्या वॉर्डात आम्ही लावतो," त्या म्हणाल्या, आणि कशी ते न सांगता निघून गेल्या.

एवढं झाल्यावर शिंपीकाका घरून छिन्नी घेऊनच आले. पाच मिनिटांचं काम होतं. पण त्रुटीसाहेब टेबलाशी बसून कोऱ्या कागदाला डावीकडे दीड इंच समास आखत होते.

"अहो, हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"अर्ज."

"कसला?"

"बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर परवानगी नको?"

"भोक पाडायला परवानगी कुणी मागतं का?"

"कुणी मागत नाही," त्रुटीसाहेब म्हणाले, "म्हणूनच हे गाव असं झालंय."

एकतीस वर्षं लोकांना 'आधी अर्ज करा' म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात गुपचूप छिन्नी चालवायची, हे त्यांच्या तत्त्वात बसेना. शिंपीकाकांनी छिन्नी खिशात टाकली आणि ते म्हणाले की नगरपालिकेतून परवानगी येईपर्यंत मांजर म्हातारी होईल. त्रुटीसाहेबांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. विषयाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'राहत्या घराच्या मागील भिंतीत मांजरीस ये-जा करण्यासाठी ९ इंच × ८ इंच आकाराचे भोक पाडण्यास परवानगी मिळणेबाबत.' बऱ्याच दिवसांनी काहीतरी मनासारखं लिहिल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.

त्यांच्या जुन्या टेबलावर आता एक मॅडम बसत. त्या साहेबांच्याच हाताखाली तयार झालेल्या, त्यामुळे साहेब खिडकीशी दिसताच त्या उभ्या राहिल्या. अर्ज वाचून त्या पुन्हा बसल्या.

"सर, भोकासाठी नमुना नाही आपल्याकडे."

"नाही कसा? उजेड येतो तर खिडकी. हवा येते तर झरोका."

"पण सर, यातून येणार मांजर."

दोघांनी मिळून नियमावली चाळली. ज्यातून सजीव ये-जा करतो ते प्रवेशद्वार, असं कलम निघालं, आणि ते कलम साहेबांनीच एका जुन्या वादात घालून घेतलेलं होतं. मग प्रवेशद्वाराचा नमुना भरणं आलं. वापरणाऱ्या व्यक्तींची संख्या, एक. वय, अंदाजे तीन वर्षं. व्यवसाय, नाही. दाराची उंची साडेसहा फुटांपेक्षा कमी असल्यास कारण द्या, या रकान्यात साहेबांनी 'वापरणारी बुटकी आहे' असं लिहिलं. शेजाऱ्यांची ना-हरकत लागली. ती शिंपीकाकांनी दिली, पण मांजरीने बाहेर पडताना तोंड आपल्या घराकडे करू नये, अशी अट घालून. अट मांजरीला वाचून दाखवण्यात आली, असं साहेबांनी खाली प्रामाणिकपणे नमूद केलं. पाणीपुरवठ्याची ना-हरकत लागली. अग्निशमनवाल्यांनी विचारलं, की आग लागल्यास या दारातून घरातली माणसं बाहेर पडू शकतील का, आणि पडू शकणार नसतील तर दार कशासाठी.

यात तीन आठवडे गेले. दरम्यान मांजरीने न्हाणीघराच्या खिडकीतून येण्या-जाण्याचा स्वतःचा एक मार्ग शोधून काढला आणि पडवीच्या दाराकडे बघणंही सोडून दिलं. बायकोने ते साहेबांना सांगितलं. ती म्हणाली, "आता राहू द्या ना. मला एकदाही उठावं लागत नाही."

"असं कसं?" साहेब म्हणाले. "उद्या पाहणीला माणूस येतोय."

पाहणीला आलेला माणूस म्हणजे एक तरुण इंजिनिअर. त्याच्या हातात लाल ठिपका पाडून माप घेणारं यंत्र होतं. साहेबांच्या वेळी फितीचं दुसरं टोक धरायला अर्जदाराला बोलवत, त्यामुळे हे यंत्र त्यांना उद्धट वाटलं. इंजिनिअरने पडवीच्या तिन्ही भिंतींवर ठिपका पाडला, नकाशा उलगडला, नकाशाकडे पाहिलं, पडवीकडे पाहिलं, आणि नकाशा उलटा करून परत पाहिला. बायको चहा घेऊन आली होती.

"सर," तो म्हणाला, "भोकाचं ठीक आहे. पण ही पडवी नकाशात नाही."

"नकाशात चूक असेल."

"नकाशावर तुमची सही आहे, सर. घर बांधलं तेव्हाची, तपासल्याची."

घर त्यांनी बावीस वर्षांपूर्वी बदली झालेल्या एका बँक कॅशियरकडून घेतलं होतं, आणि पडवी तेव्हाही होती. आता कुणी विचारेल, की ज्या माणसाच्या हाताखाली गावभरचे नकाशे, त्याला आपल्या घराचा नकाशा बघता आला नाही? त्याचं उत्तर असं, की खासगी कामासाठी ऑफिसच्या वेळात रेकॉर्ड बघणं हा पदाचा गैरवापर, आणि ऑफिसच्या वेळेनंतर रेकॉर्डरूमला कुलूप. त्यामुळे बावीस वर्षांत त्यांनी तो पाहिलाच नव्हता. इंजिनिअरने चहा घेतला, कप स्वतः उचलून आत ठेवला, पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि अहवाल दिला.

चौथ्या दिवशी नोटीस आली. त्रुटीसाहेबांनी ती दारातच उघडली आणि मोठ्याने वाचायला घेतली. "'सदर अनधिकृत बांधकाम या नोटिशीच्या दिनांकापासून पंधरा दिवसांत आपण स्वतः काढून न घेतल्यास ते कार्यालयामार्फत काढून टाकण्यात येईल.' वा! हा मसुदा माझा आहे. बघ, एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. 'स्वतः' हा शब्द मी मुद्दाम घातला होता, त्याने वजन येतं."

"अहो," बायको म्हणाली, "ती आपल्याला आली आहे."

साहेबांनी वरचा पत्ता वाचला. मग ते खुर्चीत बसले.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. पण एक्स्चेंजमधल्या बाईला ओरडण्याची सवय नसते. ती पडवीत गेली, खुर्चीत बसली आणि शब्दकोडं न उघडता म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकलं. मला एवढी एक गप्प जागा हवी होती. तुम्ही त्यांना घरी बोलावून दाखवलीत." त्यानंतर ती साहेबांशी कामापुरतंच बोलू लागली, आणि घरात काम फारसं नव्हतं.

बातमी कुंपणापलीकडे जायला वेळ लागला नाही. शिंपीकाकांनी छिन्नी पुन्हा आणून दिली. पडवी पाडायलाही तीच चालेल, असं ते म्हणाले, आणि ते चेष्टेत म्हणाले की मनापासून, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. नर्सबाईंनी सांगितलं की धक्का बसल्यावर लोक सुरुवातीला असेच नियम सांगत बसतात, हळूहळू उतरतं.

साहेब मॅडमकडे गेले. या वेळी मॅडम उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनाच संकोच वाटला.

"सर, कधीतरी कुणीतरी पडवीसाठी अर्ज केला असेल," मॅडम म्हणाल्या. "तो सापडला तर काहीतरी करता येईल. पण तो रेकॉर्डरूममध्ये असणार."

"मग बघा की."

"सर, रेकॉर्डरूम तुम्ही लावलीय. तुमच्यानंतर तिथे कुणी शोधायला जात नाही. फक्त ठेवायला जातात."

यात तथ्य होतं. साहेबांनी फायली नावाप्रमाणे किंवा सालाप्रमाणे न लावता त्रुटीच्या प्रकाराप्रमाणे लावल्या होत्या. समासाच्या त्रुटी एका कपाटात, शाईच्या दुसऱ्या, घडीच्या तिसऱ्या. पद्धत अत्यंत शास्त्रशुद्ध होती, फक्त आपला अर्ज कशासाठी परत आला हे आधी माहीत असल्याशिवाय तो सापडत नसे. साहेब तीन दिवस त्या धुळीत शिंकत बसले. तिसऱ्या दिवशी, 'नकाशात अनावश्यक गोष्टी दाखवणे' या कपाटात, त्यांना आपल्या घराचा पत्ता दिसला.

सव्वीस वर्षांपूर्वीचा अर्ज होता. अर्जदार गावातल्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर. विषय, घरामागे पडवी बांधण्यास परवानगी. आणि अर्जाला टाचणीने अडकवलेल्या अकरा पिवळ्या चिठ्ठ्यांच्या प्रती, सगळ्या सुवाच्य अक्षरात. समास सव्वा इंच आहे, दीड हवा. अक्षर वळणदार आहे, साधे हवे. नकाशा रंगवू नये. झाड रंगवलेले नसले तरी झाड आहे, काढावे. खुर्ची हे बांधकाम नाही, काढावी. खुर्चीत व्यक्ती दाखवली आहे, तीही काढावी. खोडल्याची खूण दिसते, नकाशा स्वच्छ करून द्यावा. अकराव्या चिठ्ठीनंतर काहीच नव्हतं.

"म्हणजे अर्ज नामंजूर झालेला नाही!" मॅडम एकदम खूश झाल्या. "नुसता परत पाठवलाय. सर, तुमच्या पद्धतीप्रमाणे तो अजून चालूच आहे. मूळ अर्जदाराने त्रुटी पूर्ण केल्याचं लिहून खाली सही केली, तर त्या वेळच्या नियमाने पडवी कायदेशीर होईल. मी आत्ता कागद तयार करून देते. नोटिशीची मुदत संपायच्या आत, पंधराव्या दिवशी पाच वाजेपर्यंत आणा."

"मास्तर आहेत अजून?"

"आहेत की. औषधाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर राहतात. मागच्या महिन्यात पाण्याच्या तक्रारीसाठी आले होते." मॅडम थोड्या घुटमळल्या. "एका खेपेत झालं, सर, त्यांचं काम."

मास्तरांनी दार उघडलं, साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "या, त्रुटीसाहेब. सव्वीस वर्षांत आमचा नंबर लागला वाटतं." ऐंशीच्या पुढचे असतील, पण पाठ ताठ. खोलीत जिकडे तिकडे चित्रं होती. साहेबांनी शक्य तितक्या नम्रपणे सगळं सांगितलं. भोक, मांजर, पडवी, नोटीस. मास्तरांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग ते उठले, कपाटातून एक डबा काढला आणि त्यातून मूळच्या अकरा पिवळ्या चिठ्ठ्या काढून टेबलावर एका रांगेत मांडल्या.

"सही करायची म्हणता?"

"हो. इथे, खाली."

मास्तरांनी एक पिवळा कागद घेतला आणि अतिशय वळणदार अक्षरात त्यावर लिहिलं, 'येणाऱ्याने दार वाजवण्यापूर्वी चपला जोडीने लावलेल्या नाहीत. पूर्ततेसाठी परत.'

"उद्या या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चपला जोडीने लावल्या. त्या दिवशी कागदाला चार घड्या पडल्या होत्या, दोन हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी साहेब कागद पुठ्ठ्यात घालून, बिनघडीचा घेऊन गेले. 'घडी अजिबात नाही. दोन सांगितल्या होत्या. परत.' चौथ्या दिवशी मास्तरांचा चष्मा सापडेना आणि तो त्यांच्या डोळ्यांवर होता, हे साहेबांनी सांगितल्यावर ते म्हणाले की अर्जदाराने कार्यालयास शिकवू नये. पाचव्या दिवशी जेवणाची सुटी चालू होती. सहाव्या दिवशी पेन काळं होतं. सातव्या दिवशी निळं होतं. साहेबांनी खिशात तीन रंगांची पेनं ठेवायला सुरुवात केली, तर आठव्या दिवशी चिठ्ठी मिळाली, 'खिसा फुगलेला दिसतो, नीटनेटके यावे.'

जिना चढताना त्यांना धाप लागे आणि उतरताना संताप येई. दुकानाचा औषधवाला त्यांना रोज विचारी, "झालं का काम?" आणि ते रोज, "एक किरकोळ त्रुटी राहिलीय," असं म्हणत. हे वाक्य तोंडातून निघालं की त्यांना ते फार ओळखीचं वाटे. इतक्या वर्षांत काचेच्या आतून त्यांनी हे वाक्य हजार वेळा म्हटलं असेल, पण ते ऐकणारा माणूस नंतर जिना कसा उतरतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नोटिशीच्या चौदाव्या दिवशी मास्तरांची अकरावी चिठ्ठी घेऊन साहेब घरी आले. बायकोने त्यांचा सदरा धुवायला घेतला होता आणि खिशातून दोन पुडकी निघाली होती. एक मास्तरांच्या चिठ्ठ्यांचं, दुसरं फायलीतून आणलेल्या त्यांच्या स्वतःच्या सव्वीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्यांच्या प्रतींचं. पहिलं वाचून ती हसली असावी, कारण तिच्या डोळ्यांच्या कडा ओल्या होत्या. दुसरं तिने अजून हातात धरलं होतं.

"खुर्ची काढायला लावलीत?" तिने विचारलं. कामाव्यतिरिक्तचा हा दोन आठवड्यांतला पहिला प्रश्न होता.

"खुर्ची हे बांधकाम नाही."

"आणि खुर्चीतली ती व्यक्ती? ती कोण होती?"

"बाई होती कुणीतरी. पेन्सिलीने काढलेली."

"कोण, ते विचारलं नाहीत?"

"तसा रकाना नाही," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली गेला.

बायकोने चिठ्ठ्या त्यांच्यासमोर ठेवल्या. "अकरा वेळा तो माणूस तुमच्यासमोर उभा राहिला," ती म्हणाली. "खोडायला लावेपर्यंत दर वेळी तुम्ही ती बाई पाहिलीत. पडवीत बसलेली, उन्हात. तुम्हाला काहीच वाटलं नाही?" ती रागावून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. लाज म्हणजे काय ते साहेबांना त्या क्षणी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कळलं. समोर बायको बसली होती आणि उद्या पाच वाजल्यानंतर तिलाही कुठेतरी खोडावं लागणार होतं.

पंधराव्या दिवशी दुपारी तीन वाजता ते मास्तरांच्या दारात उभे राहिले. चपला जोडीने लावल्या, कागदाला दोन घड्या, खिसा सपाट.

"आज सहीसाठी नाही आलो," ते म्हणाले. "माफी मागायला आलोय."

मास्तरांनी भुवया उंचावल्या. "लेखी आणलीय का?"

साहेबांनी आणली होती. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. सकाळी नऊपासून बसून त्यांनी ती लिहिली होती आणि सहा कागद फाडले होते. मास्तरांनी लाल पेन्सिल घेतली, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'विषय, आपणास अकरा वेळा परत पाठविल्याबद्दल माफी मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या नकाशातील झाड चांगले होते. खुर्ची योग्य जागी होती. खुर्चीतील व्यक्ती कोण, हे निम्नस्वाक्षरीकाराने विचारणे आवश्यक होते, ते विचारण्यात आले नाही. आता विचारीत आहे. सदर चुकीस कोणतेही कारण नाही.'"

मास्तर थांबले. लाल पेन्सिल त्यांनी खाली ठेवली.

"माझी बायको होती," ते म्हणाले. "तिला दम्याचा त्रास. डॉक्टर म्हणाले उन्हात बसवा. तुमची चिठ्ठी आली आणि मी तिला खोडायला बसलो, तर ती शेजारी येऊन म्हणाली, मला कशाला खोडताय हो? मी म्हटलं, साहेबांचा नियम आहे. फार हसली. त्रुटीसाहेब हे नाव तिचंच. अकराव्या चिठ्ठीनंतर ती म्हणाली, पुरे झालं, बांधून टाका, पाडायला येतील तेव्हा बघू. मग बांधली. कुणी आलं नाही. सहा महिने बसली ती तिथे. छान बसली." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "नंतर मी घर विकलं. पुढे कळलं की तिथे तुम्हीच राहायला आलात. त्या दिवशी मला तिची फार आठवण झाली. तिला केवढं हसू आलं असतं."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. मास्तरांनी माफीचा कागद पुन्हा उचलला, शेवटपर्यंत नजर फिरवली, आणि त्यांचं बोट तळाशी येऊन थांबलं.

"खाली सही नाहीये तुमची."

साहेबांनी वाकून पाहिलं. खरंच नव्हती. 'आपला नम्र' असं लिहिलं होतं आणि त्याखाली कोरा कागद होता. ज्या माणसाने उभ्या जन्मात दुसऱ्याची एक सही सुटू दिली नाही, तो स्वतःची विसरला होता. त्यांना वाद घालावासा वाटला नाही. वेळ नव्हता, पण नियम त्यांना ठाऊक होता. त्यांनी हात पुढे करून कागद मागितला आणि उठता उठता म्हणाले, "पूर्तता करून आणतो."

"बसा खाली," मास्तर म्हणाले. "कुठे निघालात?"

त्यांनी आपल्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

"इथे करा. हं, इथेच."

साहेबांनी सही केली. ती जरा तिरकी आली. मास्तरांनी पेन परत घेतलं, पडवीचा कागद पुढे ओढला आणि मॅडमनी फुली मारलेल्या जागी, मोठ्या वळणदार अक्षरात, आपली सही केली. पडवी वाचली. दोन्ही सह्यांना मिळून अर्धं मिनिटही लागलं नाही. त्रुटीसाहेबांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं होतं म्हणून त्यांना ते नक्की कळलं, आणि कळल्यावर, नगरपालिकेत पाचच्या आत पोचायचं असूनही, ते बराच वेळ मान खाली घालून तिथेच बसून राहिले.